पोलादाची हालचाल टिपणारी तार

पोलादी पूल आपल्याला अचल वाटतो. प्रत्यक्षात त्याच्यावरून मालगाडी जाते तेव्हा गर्डरची खालची फ्लँज ताणली जाते, वरची आखडते आणि शेवटचा डबा पलीकडे गेला की दोन्ही पुन्हा मूळ लांबीवर येतात. हे ताणले जाणे डोळ्यांना दिसत नाही, कारण ते एका मीटरमागे मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढेच असते. पण पूल अजून किती वर्षे वापरायचा, त्याच्यावरून आणखी जड गाड्या सोडायच्या की नाही, या प्रश्नांची उत्तरे द्यायची तर आधी ते दोन-तीन दशांश मोजावे लागतात.

मूळ लांबीच्या मानाने लांबी किती बदलली, या गुणोत्तराला स्ट्रेन म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्याला विकृती असा शब्द आहे. लांबीला लांबीनेच भागल्यामुळे त्याला एकक उरत नाही. व्यवहारात आकडे इतके लहान येतात की ते दशलक्षांशांत सांगतात. एक मीटरची सळई एक मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने लांबली, तर तो एक मायक्रोस्ट्रेन. बांधकामातले साधे पोलाद साधारण १,२५० मायक्रोस्ट्रेनपर्यंत ताणले तरी भार काढल्यावर मूळ लांबीवर येते. त्यापुढे गेले की ते कायमचे लांबते. पूल, इमारतीचा सांगाडा, क्रेनचा हात, बॉयलरची भिंत यांचे सारे सुरक्षित आयुष्य मीटरमागे सव्वा मिलिमीटरच्या आत पार पडते. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात दोन-चार मायक्रोस्ट्रेनचा फरक ओळखायचा, हे स्ट्रेन गेजचे काम.

लांबीच का मोजायची, थेट आतला ताण का नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पदार्थाच्या आत एक भाग दुसऱ्या भागाला दर चौरस मिलिमीटरला किती जोराने ओढतो आहे, हे थेट दाखवणारे उपकरण नाही. ते प्रतिबल नेहमी हिशेबानेच काढावे लागते. हिशेबाचा पाया रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडलेला नियम आहे: जेवढा ओढाल तेवढ्या प्रमाणात लांबेल. पोलादासाठी ते प्रमाण पक्के माहीत आहे. १,००० मायक्रोस्ट्रेन दिसला की प्रतिबल सुमारे २०० मेगापास्कल. म्हणजे वजन, दाब, पिळा, धक्का यांपैकी काहीही मोजायचे असले, तरी वाट लांबीतल्या बदलावरूनच जाते. गेजला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे आपण स्वतः किती ताणले गेलो. बाकीचे सगळे अर्थ माणसाने त्यावर चढवलेले असतात. या उपकरणाची ताकद त्यात आहे आणि त्याच्या चुकांचे मूळही त्यातच आहे.

विद्युत गेज येण्याआधी हे काम तरफांवर चालायचे. दोन धारदार टोके पृष्ठभागावर टेकवायची, त्यांच्यातले अंतर बदलले की तरफांच्या जोडणीने तो बदल हजारपट मोठा करून काट्यावर दाखवायचा. स्थिर भारासाठी ही यंत्रे चांगली होती. पण ती जड होती, त्यांना जागा लागे आणि भार झटक्यात बदलला तर काटा मागे पडे. उडत्या विमानाच्या पंखात किंवा फिरत्या शाफ्टवर ती लावण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरी वाट १८५६ मध्येच उघडी झाली होती. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेले, त्यांनी तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारांना वजने टांगली आणि त्यांचा विद्युत रोध मोजला. तार ताणली की रोध वाढतो, आणि लोखंडात तो तांब्यापेक्षा जास्त वाढतो, हे त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. बदल अत्यंत लहान होता. तो पकडायला त्यांनी व्हीटस्टन ब्रिज वापरला. ही रोधांची चौकट आधी सॅम्युएल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली होती आणि १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती लोकांपुढे आणली. म्हणजे स्ट्रेन गेजची दोन मुख्य अंगे, ताणाने रोध बदलणारी तार आणि तो बदल दाखवणारा ब्रिज, १८५६ सालीच एका टेबलावर होती. तरी प्रत्यक्ष गेज यायला ऐंशी वर्षे लागली. माझ्या मते मधली उणीव विजेची नव्हती, चिकटवण्याची होती. केल्विन यांची तार मोकळी लटकत होती, ती स्वतःचाच ताण सांगत होती. तिला दुसऱ्या वस्तूचा ताण सांगायला लावायचे, तर त्या वस्तूशी ती इतकी एकजीव व्हायला हवी की वस्तू एक मायक्रॉन लांबली तर तारेनेही नेमके तेवढेच लांबावे.

हा जोड अमेरिकेत दोन ठिकाणी, दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता साधला. कॅलिफोर्नियाच्या कॅल्टेकमध्ये धातूवर अचानक आघात झाला तर काय होते, याचे प्रयोग चालू होते. तिथल्या एडवर्ड सिमन्स या तरुणाने बारीक रोध-तार थेट दांड्यावर चिकटवायची कल्पना सुचवली. दुसऱ्या किनाऱ्यावर, एमआयटीमध्ये, आर्थर रूज भूकंपाचा अभ्यास करत होते. उंच खांबांवर उभ्या असलेल्या पाण्याच्या टाक्या भूकंपात कशा हलतात, हे पाहण्यासाठी त्यांनी टाकीचे लहान प्रतिरूप हलत्या मंचावर बसवले होते. त्याचा पत्रा इतका पातळ होता की कोणतेही तरफेचे यंत्र लावले, तर त्या यंत्राच्या वजनानेच प्रतिरूपाची हालचाल बदलली असती. १९३८ मध्ये रूज यांनी एका रोधकातली तलम तार उलगडून पातळ कागदावर चिकटवली, कागद पट्टीवर चिकटवला आणि पट्टी वाकवून पाहिली. रोध ताणाच्या प्रमाणात बदलला आणि पट्टी सोडताच मूळ जागी आला.

आपल्याकडच्या वाचकाला रूज यांचा प्रश्न लांबचा वाटायचे कारण नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात १०३ मीटर उंच धरण उभे राहिले, पण त्याच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. बांधलेली वस्तू हादरते तेव्हा तिच्यात नेमका कुठे, किती ताण येतो, हा प्रश्न त्या दिवशी महाराष्ट्राच्या दारात उभा होता. रूज तीच गोष्ट टाकीच्या पत्र्यावर शोधत होते.

पुढची हकीकत संस्थांनी वाचावी अशी आहे. एमआयटीच्या पेटंट समितीने हा शोध तपासला आणि याचा व्यापारी उपयोग फार मोठा होईल असे वाटत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन हक्क रूज यांच्याकडेच राहू दिले. कॅल्टेकने उलट हक्क सांगितला. तो वाद कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४९ मध्ये निकाल सिमन्स यांच्या बाजूने लागला. बाजारात आलेल्या गेजचे नाव होते एसआर-४. त्यातला एस सिमन्स यांचा, आर रूज यांचा आणि चार हा आकडा यात हात असलेल्या चार माणसांचा. दोघांची नावे एका नावात शेजारी ठेवण्याचा हा मोठेपणा विज्ञानाच्या इतिहासात फारसा आढळत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाचण्यांसाठी हे गेज मोठ्या संख्येने लागले, आणि फारसा उपयोग होणार नाही हे भाकीत तिथेच संपले.

आता तारेच्या आत काय होते ते पाहू. तारेचा रोध तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी आणि धातूचा स्वतःचा गुण, म्हणजे रोधकता. तार ताणली की ती लांब होते, म्हणून रोध वाढतो. लांब होताना ती बारीकही होते, म्हणून तो आणखी वाढतो. बहुतेक धातू जेवढे लांबतात त्याच्या साधारण ०.३ पट आडव्या दिशेने आखडतात. हा हिशेब केला, तर केवळ आकार बदलल्यामुळे रोधातला सापेक्ष बदल स्ट्रेनच्या १.६ पट येतो. उरलेला वाटा रोधकतेच्या बदलाचा. दोन्ही मिळून जो आकडा येतो त्याला गेज फॅक्टर म्हणतात. तांबे आणि निकेल यांच्या कॉन्स्टंटन या मिश्रधातूचा गेज फॅक्टर जवळपास २ आहे. २ हा आकडा फार मोठा नाही, पण तो ताणाच्या मोठ्या पल्ल्यात स्थिर राहतो आणि तापमानाने फारसा ढळत नाही. म्हणून कॉन्स्टंटन आजही सर्वांत जास्त वापरला जातो.

हा बदल किती लहान असतो, ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. नेहमीच्या वापरातला गेज १२० किंवा ३५० ओहमचा असतो. १२० ओहमच्या गेजवर १,००० मायक्रोस्ट्रेन आला, म्हणजे पोलाद आपल्या मर्यादेच्या जवळ पोचले, तरी रोध ०.२४ ओहमने वाढतो. एका मायक्रोस्ट्रेनला ०.०००२४ ओहम. साध्या मीटरवर हा फरक वाचणे अशक्य. १२० मधून ०.२४ शोधण्यापेक्षा ते १२० आधीच वजा करून टाकले आणि फक्त फरक मोजला तर काम सोपे होते. व्हीटस्टन ब्रिज हेच करतो. चार रोध चौकोनात जोडायचे, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत व्होल्टेज द्यायचे आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत मोजायचे. चारही रोध सारखे असतील तर मोजमाप शून्य. एक जरा बदलला की शून्य मोडते. पाच व्होल्ट दिले, एकच गेज लावला आणि १,००० मायक्रोस्ट्रेन आला, तर अडीच मिलिव्होल्ट मिळतात. ते वाढवून घेणे इलेक्ट्रॉनिक्सला अवघड नाही.

ब्रिजचा खरा गुण मात्र वजाबाकीच्या पुढे आहे. शेजारच्या दोन बाजूंतले बदल एकमेकांतून वजा होतात आणि समोरासमोरच्या बाजूंतले बदल एकमेकांत मिळवले जातात. वाकणाऱ्या पट्टीच्या वरच्या अंगाला दोन आणि खालच्या अंगाला दोन गेज लावले, वरचे दोन ब्रिजमध्ये समोरासमोर ठेवले, तर दोन ताणले जातात, दोन आखडतात आणि चौघांचा परिणाम एकाच दिशेने जमतो. उत्तर चौपट होते. शिवाय ऊन वाढले तर चारही गेज सारखेच तापतात, आणि सारखे बदल ब्रिजमध्ये आपोआप कटतात.

तापमान हा या साऱ्या धंद्यातला मोठा शत्रू आहे. पोलाद एका अंशाला साधारण १२ मायक्रोस्ट्रेनने प्रसरण पावते. सकाळी १८ अंश आणि दुपारी ३८ अंश असतील, तर पुलावर एक माणूसही न चढता पोलाद २४० मायक्रोस्ट्रेनने लांबलेले असते. ही लांबी भाराची समजली, तर जवळपास ५० मेगापास्कलचे प्रतिबल कागदावर उगवेल, जे मुळात नाहीच. ॲल्युमिनियम तर याच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे शेजारी त्याच धातूच्या मोकळ्या तुकड्यावर दुसरा गेज लावायचा. त्यावर भार नसतो, फक्त ऊन असते, आणि ते ब्रिजमध्ये वजा होते. दुसरा उपाय कारखान्यातच होतो. कॉन्स्टंटनवर उष्णतेची प्रक्रिया करून त्याचा रोध तापमानाने असा बदलायला लावतात की त्या बदलाने पोलादाचे किंवा ॲल्युमिनियमचे प्रसरण झाकले जाईल. म्हणून गेज विकत घेताना तो कशावर लावायचा हे सांगावे लागते. पोलादासाठी बनवलेला गेज ॲल्युमिनियमवर लावला, तर दिवसभराचे ऊन तो भार म्हणून नोंदवत राहील.

गेजपासून मीटरपर्यंतच्या तारांचेही असेच आहे. तांब्याचा रोध एका अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. १२० ओहमच्या गेजला नेणाऱ्या तारांचा रोध एक ओहम धरला आणि उन्हाने त्या दहा अंश तापल्या, तर सुमारे १६० मायक्रोस्ट्रेनचा खोटा आकडा दिसतो. म्हणून अनुभवी माणूस गेजला दोनऐवजी तीन तारा जोडतो. तिसऱ्या तारेमुळे तारांचा रोध ब्रिजच्या शेजारच्या दोन बाजूंत सारखा वाटला जातो आणि कटतो. खर्च एका तारेचा, आणि मोजमाप विश्वासाचे.

सुरुवातीचे गेज खरोखरच तारेचे होते. केसाहून बारीक तार वेलांट्या घेत कागदावर बसवलेली असे. १९५२ मध्ये इंग्लंडच्या साँडर्स-रो या विमान कंपनीत छापील सर्किटची पद्धत गेजला लावली गेली आणि फॉइल गेज आला. तीन-पाच मायक्रॉन जाडीच्या धातूच्या पत्र्यावर नक्षी छापायची, नको तो धातू आम्लाने खाऊन काढायचा आणि उरलेली जाळी प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर ठेवायची. गोल तारेपेक्षा चपट्या पट्टीची बैठक मोठी असते, त्यामुळे ती वस्तूला जास्त घट्ट धरते आणि आपली उष्णता लवकर सोडते. शिवाय वळणांच्या जागी पट्टी मुद्दाम रुंद ठेवता येते. तिथला रोध कमी पडतो आणि आडव्या दिशेचा ताण गेजला फारसा जाणवत नाही. छपाई असल्यामुळे हजारो गेज एकसारखे निघतात. आज स्ट्रेन गेज म्हटला की बहुधा हाच समजायचा.

जाळीची लांबी किती असावी, हे ज्याच्यावर लावायचे त्यावर ठरते. छिद्राच्या कडेला ताण फार थोड्या अंतरात बदलतो, म्हणून तिथे मिलिमीटरभराचा गेज लागतो. काँक्रीटचे उलटे. वीस एमएम खडीच्या काँक्रीटवर पाच मिलिमीटरचा गेज लावला, तर तो एका खडीचा ताण सांगेल, काँक्रीटचा नाही. तिथे गेज खडीच्या निदान तिप्पट, म्हणजे साठ मिलिमीटर किंवा अधिक लांब घेतात.

दिशा हा दुसरा मुद्दा. ओढलेल्या दांड्यात मुख्य ताणाची दिशा उघड असते, एक गेज पुरतो. फिरत्या शाफ्टला पिळा पडतो तेव्हा सर्वांत मोठे ताणणे आणि आखडणे ४५ अंशांच्या तिरक्या दिशांना असते, म्हणून गेज तिरके लावतात. पण विमानाच्या सांगाड्याच्या जोडाशी किंवा दाबाच्या टाकीच्या तोंडाशी मुख्य दिशाच माहीत नसते. तिथे अज्ञात गोष्टी तीन: दोन मुख्य स्ट्रेन आणि त्यांची दिशा. म्हणून तीन गेज एकाच जागी ०, ४५ आणि ९० अंशांवर, किंवा ६० अंशांच्या अंतराने, एकत्र छापतात. याला रोझेट म्हणतात. तीन वाचने घेतली की त्या ठिकाणचे पृष्ठभागावरचे पूर्ण चित्र हिशेबाने मिळते. जिथे शंका असेल तिथे एक गेज लावून समाधान मानणे मला धोक्याचे वाटते, कारण चुकीच्या दिशेने लावलेला एकटा गेज मोठा ताण लहान दाखवतो आणि कोणालाच शंका येत नाही.

धातूच्या गेजचा फॅक्टर २ च्या आसपास अडकला असताना १९५४ मध्ये बेल लॅबचे चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियम ताणून पाहिले. ताणाबरोबर त्यांची रोधकताच इतकी बदलते की सिलिकॉनचा गेज फॅक्टर शंभराच्या पुढे जातो. काही प्रकारच्या सिलिकॉनमध्ये तो उणे शंभराच्या पलीकडेही असतो, म्हणजे ताणल्यावर रोध घटतो. पन्नास पट संवेदनशील गेज मिळाला, पण तो ठिसूळ आहे, तापमानाला हळवा आहे आणि मोठ्या ताणाला त्याचे उत्तर सरळ रेषेत येत नाही. म्हणून पुलावर तो क्वचित दिसतो. त्याचे राज्य वेगळीकडे आहे. सिलिकॉनच्या चकतीचा मधला भाग कोरून पडद्यासारखा पातळ करतात, त्याच्यातच चार रोध घडवून ब्रिज बनवतात, आणि दाब पडला की पडदा वाकतो. मोटारीच्या इंजिनातला हवेचा दाब आणि रक्तदाब मोजणाऱ्या अनेक डिजिटल यंत्रांतला दाब असाच मोजला जातो.

धरणाच्या पोटात मात्र यांपैकी काहीच टिकणार नाही. तिथे गेज काँक्रीटमध्ये कायमचा गाडायचा असतो, तारा शेकडो मीटर लांब असतात, आजूबाजूला ओल असते आणि वाचने कित्येक दशके घ्यायची असतात. त्यासाठी फ्रेंच अभियंता आंद्रे कॉयन यांनी १९३१ च्या सुमारास पुढे आणलेला कंप-तारेचा गेज वापरतात. एका नळीत पोलादी तार दोन टोकांना ताणून बसवलेली असते. विद्युतचुंबकाने तिला छेडायचे आणि तिची कंपनसंख्या ऐकायची. तंबोऱ्याची तार खुंटी पिळली की चढते, तसे काँक्रीट ताणले की हिचा स्वर चढतो आणि काँक्रीट आखडले की उतरतो. तारेतल्या सिग्नलची उंची वाटेत कमी झाली तरी कंपनसंख्या बदलत नाही, हे याचे मर्म. लांब तारा आणि ओल यांनी इथे बिघडत नाही. झटपट बदलणारा भार मात्र याला टिपता येत नाही. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थांच्या धरणविषयक कामात अशी गाडलेली उपकरणे नेहमीची आहेत.

प्रकाशावर चालणारा गेज हा यातला तरुण भाऊ. १९७८ मध्ये कॅनडात केन हिल यांच्या प्रयोगात काचेच्या तंतूच्या गाभ्यात प्रकाशानेच बारीक, समान अंतराची जाळी कोरता येते, हे दिसले. अशी जाळी एकच विशिष्ट तरंगलांबी परत पाठवते. तंतू ताणला की जाळीतली अंतरे वाढतात आणि परत येणारी तरंगलांबी सरकते: १,५५० नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला सुमारे १.२ पिकोमीटर. एका तंतूवर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या अनेक जाळ्या कोरता येतात, वीज नसल्यामुळे ठिणगीचा धोका नाही, जवळच्या मोठ्या विद्युतवाहिन्यांचा त्रास नाही. पण एक अंश तापमान वाढले तरी तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटरने सरकते, म्हणजे आठ मायक्रोस्ट्रेनएवढी. तापमानाशी झगडा इथेही सुटत नाही.

आता चिकटवण्याविषयी. या विषयावर पुस्तकांत पानभर असते आणि कार्यशाळेत अर्धा दिवस जातो, आणि तो जायलाच हवा. पृष्ठभाग आधी द्रावकाने पुसून तेलकटपणा काढायचा, मग बारीक पॉलिश पेपरने घासायचा. गेजच्या मध्याच्या खुणा आखायच्या. पुन्हा सौम्य आम्लाने आणि मग सौम्य अल्काने पुसायचे. पुसताना कापूस एकाच दिशेने न्यायचा, मागे-पुढे केला तर काढलेली घाण परत पसरते. गेज चिमट्याने काचेवर ठेवून चिकटपट्टीने उचलायचा, खुणांवर बसवायचा, पट्टी अर्धी उलटून खाली चिकटवण लावायचे आणि अंगठ्याने मिनिटभर दाबून धरायचे. थोड्या दिवसांच्या चाचणीला झटपट सुकणारे सायनोअ‍ॅक्रिलेट चालते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला भट्टीत पक्के करायचे इपॉक्सीच हवे. मग सोल्डरिंग, मग गेज आणि धातू यांच्यामधला रोध हजारो मेगओहम आहे का याची तपासणी, आणि शेवटी ओलीपासून बचावासाठी मेण किंवा सिलिकॉन रबराचा थर. कोकणातल्या पावसाळ्यात हा थर विसरलेला गेज आठवडाभरही खरे बोलणार नाही. चिकटवणाचा थर जाड झाला, त्यात हवेचा बुडबुडा राहिला, खालचा रंग खरवडायचा राहिला, तर वस्तू लांबते आणि गेज मागे राहतो. मीटर त्यावरही काही ना काही आकडा दाखवतोच.

हे उपकरण सामान्य माणसाला सर्वांत जास्त भेटते ते वजनाच्या रूपात. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या ताटलीखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो. त्याचा मधला भाग कोरून काढलेला असतो, म्हणून चार ठिकाणी तो पातळ होतो आणि तिथेच वाकतो. त्या चार जागी चार गेज. ताटलीवर साखर ठेवली की दोन गेज ताणले जातात, दोन आखडतात. या ठोकळ्याला लोड सेल म्हणतात. पूर्ण क्षमतेच्या भाराला प्रत्येक गेजवर साधारण १,००० मायक्रोस्ट्रेन यावा अशी त्याची घडण असते, आणि तेव्हा दिलेल्या प्रत्येक व्होल्टमागे दोन मिलिव्होल्ट मिळतात.

साखर कारखान्याचा वजनकाटा हाच हिशेब मोठा करून चालतो. समजा फलाटाखाली प्रत्येकी ३० टनांचे चार पोलादी लोड सेल आहेत, समांतर जोडलेले आणि दहा व्होल्टवर चालणारे. १२० टनांना २० मिलिव्होल्ट मिळतील. उसाच्या ट्रॉलीतल्या १० किलोंना फक्त १.७ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांपैकी पावणेदोनहून कमी. फलाटाच्या फटीत अडकलेला दगड, गंजलेला आधार, ओल शिरलेला जंक्शन बॉक्स किंवा हललेले शून्य यातले काहीही एवढ्या लहान सिग्नलला सहज गिळू शकते. आणि लोड सेल चोख असला, तरी त्याच्या मिलिव्होल्टला किती किलो म्हणायचे हे दर्शकयंत्रात भरलेला एक आकडा ठरवतो. तो आकडा प्रमाणित वजने फलाटावर ठेवून पक्का करतात आणि मग सील करतात. गेजने खोटे बोलण्याची गरजच नसते, तो आकडा बदलला की पुरे. काटामारीची तक्रार ऊस पट्ट्यात दरवर्षी होते. तिची शहानिशा करताना लोक फलाटाकडे पाहतात, पाहायला हवे सीलकडे.

कायद्याने अशा काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हायला हवी आणि तिचे प्रमाणपत्र काट्याजवळ असायला हवे. ऊस, कापूस, कांदा, भंगार, काहीही घेऊन काट्यावर गेलात, तर गाडी चढवण्याआधी पडद्यावर शून्य आहे का ते पाहा, वजनमापे खात्याचे सील आणि प्रमाणपत्रावरची तारीख पाहा. शंका आली तर तीच भरलेली गाडी फलाटाच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागात उभी करून तीन वजने मागा. ती जुळली नाहीत, तर खात्याकडे लेखी तक्रार करा.